पाच फेरे सुरळीत, सहाव्याला घट्ट : जुन्या ब्रिटिश गाडीचे आटे ओळखायचे कसे?

वाड्यातला · रविवार, रात्री १०.४२

मंडळी, नमस्कार. गावच्या वाड्याच्या पडवीत आजोबांची बीएसए एम२० मोटरसायकल वर्षानुवर्षं उभी होती. युद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी एक. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क. कोंबड्यांनी सीटचं घरटं केलं होतं, पण इंजिन जाम नाही. दिवाळीत ती पुण्याला आणली आणि शनिवार-रविवार थोडीथोडी उघडतोय.

अडलंय ते नट-बोल्टांवर. मागच्या मडगार्डच्या स्टेचा (आधाराच्या दांडीचा) बोल्ट निघाला, नट हरवलेला. बोल्ट मोजला तर व्यास ७.९ मिमी. माझ्याकडच्या मेट्रिक पिच गेजचं (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ते दातेरी पानांनी ताडून बघायचं साधन) १.० चं पान त्यावर छान बसलं. म्हटलं ८ मिमी, बारीक आटे. एम८ बाय १ चा नट शोधून आणला. पाच फेरे बोटांनी गेला, सहाव्याला घट्ट. तेल घातलं, वायर ब्रश मारला, तरी तेच. जोर लावायची हिंमत होत नाही.

दुसरं म्हणजे बोल्टच्या डोक्याला १३ चा पाना जात नाही आणि १४ चा गरगर फिरतो.

प्रश्न दोन. हा आटा नक्की कोणता? आणि असे बोल्ट मिळतात कुठे, की करूनच घ्यावे लागतात?

चहाबिस्कुट · रविवार, रात्री १०.५०

बीएसए म्हणजे एसएलआर सायकल ना? माझ्याकडे होती. डायनॅमोवाली. :)

गॅरेजवाला बंड्या · रविवार, रात्री ११.०५

भाऊ, डोक्याला ताप करून घेऊ नका. ८ मिमीचा टॅप मारा (भोकात नवे आटे पाडा), बाजारातला ८ चा बोल्ट लावा, विषय संपला. मी कित्येक जुन्या गाड्या अशाच चालू करून दिल्यात. गाडी रस्त्यावर फिरायला पाहिजे, बोल्ट कुणी बघत नाही.

टर्नर७२ · सोमवार, सकाळी ६.२०

बंड्या, तुझ्यासारख्यांनी मारलेले टॅप दुरुस्त करण्यात माझी निम्मी हयात गेली. ह. घ्या.

वाड्यातले, जोर लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. पाच फेरे जाऊन घट्ट होणं म्हणजे पिच जवळपास सारखा आहे, पण सारखा नाही. प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी चूक साठत जाते आणि शेवटी आट्याची बाजू बाजूला टेकते. पाना लावून फिरवला असतात तर दोन्हींचे आटे गेले असते.

जुन्या ब्रिटिश यंत्रांत मुख्यतः चार घराणी भेटतात. व्हिटवर्थ म्हणजे जाड आटे, बीएसएफ म्हणजे त्याच घराण्यातले बारीक आटे, बीए म्हणजे छोटे विजेच्या सामानाचे स्क्रू, आणि सायकल थ्रेड. तुमचं माप ५/१६ इंच आहे, म्हणजे ७.९४ मिमी. ५/१६ ला व्हिटवर्थमध्ये इंचाला १८ आटे, बीएसएफमध्ये २२, सायकल थ्रेडमध्ये २६. माझा कौल शेवटच्यावर.

मीनल_ग · सोमवार, सकाळी ९.१५

टर्नरकाकांना अनुमोदन, आणि आकडे देते. इंचाला २६ आटे म्हणजे पिच ०.९७७ मिमी. मेट्रिकचा १.०. फरक एका आट्याला जेमतेम ०.०२३ मिमी. छोट्या गेजला हा फरक दिसतच नाही, कारण त्याच्या पानावर चार-सहाच दात असतात.

गेज बाजूला ठेवा आणि व्हर्नियर घ्या. बोल्टच्या आट्यांची तेरा अंतरं मोजा. १२.७ मिमी आलं तर २६ टीपीआय (इंचाला २६ आटे), १३.० आलं तर मेट्रिक. ०.३ चा फरक साध्या व्हर्नियरलाही कळतो.

वाड्यातला · सोमवार, रात्री ८.३०

मोजलं. तीनदा मोजलं. ११.७ येतंय! हे तर दोन्हींत बसत नाही. आता हे पाचवं घराणं कुठलं?

मीनल_ग · सोमवार, रात्री ८.४४

:) तुम्ही तेरा शिखरं मोजलीत. तेरा शिखरांमध्ये अंतरं बाराच असतात. बारा गुणिले ०.९७७ म्हणजे ११.७२. मेट्रिक असता तर १२ आले असते. अभिनंदन, तुमचा बोल्ट २६ टीपीआय आहे.

(पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला निम्मा वर्ग हीच चूक करतो. कुंपणाचे खांब आणि खांबांमधल्या फटी.)

चहाबिस्कुट · सोमवार, रात्री ८.५१

रुमाल टाकून ठेवतो. धागा रंगणार.

कव्हेंट्रीकर · मंगळवार, पहाटे २.१०

इकडून थोडी भर. सायकल थ्रेड म्हणजे १९०२ मध्ये सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूटने ठरवलेला आटा. इथले लोक अजून सीईआय म्हणतात, पुढे त्यालाच ब्रिटिश स्टँडर्ड सायकल असं नाव पडलं. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, एनफिल्ड ही मंडळी एकतर सायकलीतून आलेली, नाहीतर सायकलवाल्यांच्या शेजारी वाढलेली, त्यामुळे मोटरसायकलला तोच आटा चिकटला. त्याचा कोन ६० अंश. व्हिटवर्थ आणि बीएसएफचा ५५.

मोठा फसवा प्रकार पाव इंचात आहे. बीएसएफ पाव इंचालाही २६ आटे, सायकल पाव इंचालाही २६ आटे. फक्त कोन वेगळा. एकमेकांत जातात, बरे बसल्यासारखे वाटतात, आणि मग ताण आला की सुटतात.

पान्याचं कोडं सोपं आहे. तुमच्या बोल्टचं डोकं ०.५२५ इंच, म्हणजे १३.३४ मिमी. १३ जाणार नाही, १४ खेळणार. त्याला लागतो १/४ व्हिटवर्थचा पाना.

वाड्यातला · मंगळवार, सकाळी ७.४०

थांबा थांबा. बोल्ट ५/१६ चा, पाना १/४ चा, आणि त्या पान्याचा जबडा अर्ध्या इंचाहून मोठा? काय चाललंय काय?

टर्नर७२ · मंगळवार, सकाळी ८.०२

पान्यावरचा आकडा जबड्याचा नसतो, तो पाना ज्या व्हिटवर्थ बोल्टला लागतो त्या बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचं डोकं ०.५२५. बीएसएफ आणि सायकलवाल्यांनी डोकी एक नंबर लहान ठेवली, म्हणून ५/१६ च्या बोल्टला पावचा पाना. युद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थची डोकीही एक नंबरने उतरवली, त्यामुळे जुन्या यंत्रावर एकाच मापाच्या दोन बोल्टांना दोन पाने लागू शकतात.

घरच्या नळाचा आटा मोजून बघा. म्हणतो अर्धा इंच, भरतो २१ मिमी. तिथेही आकडा पाइपच्या पोटाचा. आणि तोही आटा व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचा आहे बरं का. साहेब गेला, पण मोरीत आटा ठेवून गेला.

कुर्डुवाडी लोकल · मंगळवार, दुपारी १.३०

छान धागा. आमचे वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, यंत्रसामग्री बरीचशी विलायती. घरी इंच हा शब्द कधी ऐकला नाही. सगळं सुतात. दोन सूत म्हणजे पाव, तीन सूत म्हणजे ३/८, चार सूत म्हणजे अर्धा. तुमचा ५/१६ म्हणजे अडीच सूत. वडील नट हातात घेऊन नखाने आट्यावर खर्रकन ओढायचे आणि सांगायचे, "अडीच सूत, बारीक." कधी चुकलेले आठवत नाहीत.

त्यांच्याकडून ऐकलेली गोष्ट, नंतर वाचूनही खात्री केली. व्हिटवर्थच्या आधी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा. जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून मोजले, सरासरी काढली आणि १८४१ मध्ये आपलं कोष्टक मांडलं. ५५ अंश हा कुठल्या गणितातून आलेला नाही, लोक वापरत होते त्याची ती सरासरी आहे. त्यामुळे कुणालाच फार बदलावं लागलं नाही आणि सगळ्यांनी ऐकलं.

भोसरीवाला · मंगळवार, दुपारी २.१५

काका, दंडवत. नखाने आटा ओळखणारी माणसं आता संपली.

गॅरेजवाला बंड्या · मंगळवार, दुपारी ३.००

इतिहास झकास आहे, पण गिऱ्हाईक गाडी शनिवारी मागतो. ५/१६ आणि ८ मिमीमध्ये ०.०६ चा फरक. टॅप मारला तर बिघडतं काय, ते तरी सांगा.

टर्नर७२ · मंगळवार, संध्याकाळी ६.१०

सांगतो. रागावून नाही, खरंच सांगतो.

२६ च्या आट्यावर तू १.२५ पिचचा, म्हणजे ८ मिमीचा नेहमीचा, टॅप चालवलास की नवा आटा जुन्याच्या वर तिरका पडतो. काही ठिकाणी शिखर उरतं, काही ठिकाणी खड्डा. धातू उरतो निम्मा. लोखंडी लगमध्ये (बोल्ट धरणाऱ्या फ्रेमच्या कानात) ते खपून जातं. पण ॲल्युमिनियमच्या क्रॅंककेसमध्ये? आज ८ चा बोल्ट धरेल. दोन वर्षांनी तोही निघेल, मग पुढचा गॅरेजवाला १० चा टॅप मारेल, आणि त्यानंतर भोवती धातूच राहणार नाही.

जुन्या लोकांनी विचार केलेला असतो. ॲल्युमिनियममध्ये घुसणाऱ्या स्टडच्या (बिनडोक्याच्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टच्या) टोकाला ते जाड व्हिटवर्थ आटे ठेवत, कारण मऊ धातू बारीक आट्यात लगेच सोलतो. त्याच स्टडच्या नटाकडच्या टोकाला बारीक आटे, म्हणजे हादऱ्याने नट सुटू नये. एकाच स्टडला दोन टोकांना दोन आटे. स्टड उलटा लावून "बसत नाही" म्हणणारे मी पाहिलेत.

आणि ॲल्युमिनियममधला आटा गेलाच असेल तर हेलिकॉइल (नवा आटा देणारी तारेची गुंडाळी) बसवा. ती व्हिटवर्थ मापातही येते.

उद्यमनगरी · मंगळवार, रात्री ९.२०

कोल्हापुरातनं बोलतोय. आमच्या उद्यमनगरात असला बोल्ट पाडायला फार तर अर्धा दिवस. पण भावांनो, आधी मटेरियल बघा. येईल त्याला एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बार दिला की झालं, असं नसतंय. मडगार्डला चालतंय. ब्रेकच्या अँकरला आणि ॲक्सलला तसला बोल्ट लावलासा तर गाडी नाही, माणूस जाईल. साध्या जागी ईएन८ पोलाद, ताणाच्या जागी ईएन२४ हार्ड-टेंपर करून, आणि तेही करणाऱ्याला काय करतोय ते ठाऊक असलं तरच. लेथवर कापलेल्या आट्यापेक्षा रोल केलेला आटा ताणाला जास्त टिकतो, हेही ध्यानात ठेवा.

लेथवाल्यांसाठी: लीड स्क्रू (टूल पुढं सरकवणारा लेथचा लांब स्क्रू) इंचाला ४ चा असेल तर २६ ला गुणोत्तर २/१३ येतंय. चालवणारे गिअर २० आणि ३०, चालणारे ६५ आणि ६०. तेराच्या पाढ्यातला गिअर नसला तर २६ निघत नाही. आटा संपेपर्यंत हाफ नट उघडू नका, मशीन उलटं फिरवून मागं या.

कव्हेंट्रीकर · बुधवार, पहाटे १.३५

माझ्या गॅरेजात मायफर्ड एमएल७ लेथ आहे, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा. त्याचा लीड स्क्रू ८ चा, म्हणून माझं काम २० आणि ६५ या एका जोडीत भागतं. मधे कुठलाही आयडलर.

मी पूर्ण आटा लेथवर कापत नाही. तीन चतुर्थांश खोलीपर्यंत सिंगल पॉइंट टूलने, आणि मग स्प्लिट डाय (बोल्टवर बाहेरून आटे पाडणारी चकती) फिरवून फिनिश. डाय एकटी वापरली तर ती तिरकी चालते, टूल एकटं वापरलं तर माझ्याकडून शेवटचे दोन शतांश चुकतात. ५/१६ ला आट्याची खोली एका बाजूने ०.५२ मिमी.

डोक्यासाठी ०.५२५ चा षटकोनी बार मिळाला तर उत्तम. नाहीतर १६ चा गोल बार घ्या आणि मिलिंगला डिव्हायडिंग हेडवर सहा बाजू पाडा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १५.४ होतं, १६ त पुरतं.

विकत घ्यायचं तर इकडे जुन्या मापांचे बोल्ट बनवणारी छोटी दुकानं आहेत, टपालाने पाठवतात. सप्टेंबरात ब्यूलीला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, हॅम्पशायरमध्ये. तिथे डबेच्या डबे मिळतात, पण निम्मे बोल्ट चुकीच्या डब्यात. पिच गेज खिशात ठेवल्याशिवाय जाऊ नये.

वाड्यातला · बुधवार, सकाळी ८.००

कव्हेंट्रीकर, टपालखर्च आणि कस्टम धरलं तर चार नटांच्या किमतीत नवा सायलेन्सर येईल. भारतात काही?

भोसरीवाला · बुधवार, सकाळी ११.१०

टॅप आणि डाय इथेच बनतात, व्हिटवर्थ, बीएसएफ, बीए सगळे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक दिवस काढा. तयार नट मात्र नशिबावर. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी फेरी मारा. मला तिथे एकदा व्हिटवर्थ रिंग पान्यांचा अख्खा संच मिळाला, विकणाऱ्याला वाटत होतं माप चुकलेले पाने आहेत.

एक सावधगिरी. बोल्ट चमकवायला झिंक प्लेटिंग करणार असाल, आणि बोल्ट कडक स्टीलचा असेल, तर प्लेटिंग झाल्यावर लगेच भट्टीत २०० अंशांच्या आसपास काही तास भाजून घ्या. आम्लातून आत शिरलेला हायड्रोजन न काढता घट्ट केलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी आपोआप तुटतो.

एमजीप्रेमी · बुधवार, दुपारी ४.२५

अवांतर, पण राहवत नाही. वाड्यातले आधी जे समजले होते ते एका ब्रिटिश गाडीत खरंच आहे! आमची जुनी मोटारकार, एमजी टीसी. इंजिनात एम८ बाय १ चे बोल्ट, आणि डोकी व्हिटवर्थची. कारण कव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना मॉरिस या इंग्रज मोटार कंपनीने १९२३ मध्ये विकत घेतला, आणि आमच्या एमजीचं इंजिन त्याच घराण्यातलं. यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी, बाहेर सगळ्यांच्या हातात व्हिटवर्थचे पाने. मग आटा मेट्रिक ठेवला आणि डोकं इंग्रजी केलं. इथले जाणकार त्याला वेडं मेट्रिक म्हणतात. आमच्या मेकॅनिकने पहिल्या दिवशी त्यावर २६ चा नट चढवायचा प्रयत्न केला होता, बरोब्बर तुमच्या उलट.

चहाबिस्कुट · बुधवार, दुपारी ४.३१

म्हणजे डोकं इंग्रजी आणि आटे फ्रेंच. आमच्या ऑफिसात असा एक जण आहे, त्याचे तर ढिलेही आहेत.

मीनल_ग · बुधवार, संध्याकाळी ५.४०

अवांतरात अवांतर. बीए हा आटा ब्रिटिश असूनही मूळचा मेट्रिक आहे, स्विस घड्याळवाल्यांच्या पद्धतीवरून घेतलेला. शून्य नंबर म्हणजे ६ मिमी व्यास, १ मिमी पिच. पुढचा प्रत्येक पिच आधीच्याच्या ०.९ पट. वाड्यातले, तुमच्या मॅग्डायनोवर (ठिणगी आणि दिव्यांची वीज तयार करणाऱ्या जोडयंत्रावर) २ बीए आणि ४ बीए भेटतील. २ बीए चा व्यास ४.७, पिच ०.८१. एम५ चा पिच ०.८, म्हणून कुणीतरी त्यात एम५ टॅप मारलेला असण्याची शक्यता बरीच. कोन ४७.५ अंश.

सायकलदुरुस्ती · बुधवार, रात्री १०.१५

एवढा वेळ वाचतोय. सगळे आटे, अंश, हायड्रोजन बोलताय आणि नावाकडे कुणी लक्षच देत नाही. सायकल थ्रेड. सायकल! आपली साधी काळी, दूधवाल्याची सायकल घ्या. पुढच्या चाकाचा ॲक्सल ५/१६, इंचाला २६. मागचा ३/८, इंचाला २६. तोच आटा. नट कोपऱ्यावरच्या कुठल्याही सायकलवाल्याकडे डब्यात पडलेले असतात. गिअरच्या नव्या सायकलींचे नकोत, ते मेट्रिक.

कव्हेंट्रीकर · बुधवार, रात्री १०.५८

मी इथे बीएसएच्या गावापासून वीस मैलांवर बसून पौंडात नट मागवतोय. बोला आता.

टर्नर७२ · गुरुवार, सकाळी ६.०५

साफ डोक्यातून गेलं होतं. सायकलवाले, मान गये. फक्त एक: तो नट मऊ असतो आणि त्याचा षटकोन वेगळा. मडगार्ड, नंबरप्लेट, टूलबॉक्स इथे चालवा. इंजिन माउंटिंगला नको.

वाड्यातला · रविवार, दुपारी १२.२०

अपडेट. सकाळी आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडे बोल्ट घेऊन गेलो. त्याने बघितला, मागे न वळता हात मागच्या पत्र्याच्या डब्यात घातला आणि नट दिला. बोटांनी शेवटपर्यंत गेला. दहा रुपयांत दोन. मी आठवडाभर व्हर्नियर घेऊन बसलो होतो म्हटल्यावर त्याने चहा पाजला.

आता नवी पंचाईत. डाव्या बाजूचा लग २६ चा आहे, पण उजव्या बाजूच्या लगमध्ये पूर्वी कुणीतरी ८ मिमीचा टॅप मारून ठेवलाय, आणि तोही तिरका. आता बोल्ट तिथे डगडगतो.

टर्नर७२ · रविवार, दुपारी १.००

बंड्या, वाचतोयस ना?

वाड्यातले, लग लोखंडी आहे, त्यामुळे इलाज आहे. भोक १० पर्यंत मोठं करा, माइल्ड स्टीलचा प्लग बसवून ब्रेझिंग करा (पितळ वितळवून जोडा), सपाट करा, मग ७.० मिमीचं ड्रिल आणि ५/१६-२६ चा टॅप. ड्रिल सरळ जायला जिग लावा, हाताने नको. टॅप माझ्याकडे आहे, घेऊन जा.

गॅरेजवाला बंड्या · रविवार, दुपारी १.३५

वाचतोय हो काका. तो टॅप मी मारलेला नाही, गाडी पहिल्यांदाच बघतोय!

वाड्यातले, ब्रेझिंगला माझ्याकडे आणा, पैसे नकोत. येताना काकांचा तो टॅप घेऊन या, एकदा हातात धरून बघायचाय.